ओव्हन गरम होत नाही, सबब तक्रार

मुलांनो, कल्पना करा. डोळे मिटू नका. मिटलेत तर पुढचं कोण वाचणार? उघड्या डोळ्यांनीच असं समजा की तुमच्या घरी एक नवी वस्तू आली आहे. महाग आहे, चकचकीत आहे आणि उपयोगाची आहे. आता सांगा, तिचं सर्वांत आधी काय करायचं?

ज्यांनी ‘वापरायची’ असं उत्तर दिलं, त्यांनी खाली बसावं. उपयोगाची वस्तू आधी जपायची असते. जपून उरलीच, तर वापरायची असते. या एका सत्यावर आपल्याकडची कितीतरी घरं उभी आहेत, आणि त्या घरांतल्या टीव्हीच्या रिमोटवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही.

रेवदंड्याच्या अलीकडे सुपारीच्या वाडीत बापूंचं घर आहे. जपणुकीच्या बाबतीत ते पंचक्रोशीत पहिलं मानावं लागेल. गेल्या दिवाळीत बापूंचा मुलगा सुश्रुत सुट्टीवर आला. तो मालवाहू जहाजावर नोकरीला. वर्षातले अकरा महिने पाण्यावर. येताना त्याने एक कन्व्हेक्शन ओव्हन आणला, “सईला केकबिक करून घाला,” म्हणाला, आणि भाऊबीज उरकून पुन्हा जहाजावर गेला. मागे राहिले बापू, सुश्रुतची बायको श्यामला, त्यांची दहा वर्षांची मुलगी सई आणि ओव्हन.

बापू सरकारी कचेरीतून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले. चौतीस वर्षांच्या नोकरीत नीट समजून घेतल्याशिवाय एकही कागद त्यांनी टेबलावरून पुढे सरकू दिला नाही. (काही कागद अजून समजून घेतले जात आहेत, असं ऐकिवात आहे.) त्यांनी ओव्हनकडे पाहिलं, त्याच्या माहितीपुस्तिकेकडे पाहिलं, परत ओव्हनकडे पाहिलं, आणि म्हणाले, “आधी याचे मुख्य भाग समजून घेऊ. वापराचं मग बघता येईल.”

“बापू, बटण दाबलं की होतो चालू,” श्यामला म्हणाली.

“बटण दाबून चालू होणाऱ्या गोष्टींनीच जगात घोटाळे झालेत,” बापू म्हणाले, आणि त्याच संध्याकाळी ओव्हन वापर पूर्वतयारी समिती स्थापन झाली. अध्यक्ष बापू. सदस्य श्यामला. (बैठक दर रविवारी सकाळी अकराला, त्या वेळी सदस्य स्वयंपाकात असल्यामुळे त्यांची संमती गृहीत धरण्यात येई.) चिटणीस सई, कारण तिचं अक्षर चांगलं होतं आणि दुसरं कोणी उरलं नव्हतं.

सईला हे काम आवडलं, हे कबूल केलं पाहिजे. बापू शिकवत छान. अर्ज कसा लिहायचा, विषय कुठे, संदर्भ कुठे, आवक क्रमांक कशाला, स्मरणपत्र कधी धाडायचं, सगळं तिला पाठ झालं. “तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं, सई,” बापू सांगत. “लेखी आलेल्या अर्जाला मात्र सात दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. मग समोर कोणी का असेना.” सईने हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून चौकोनात घातलं.

पहिल्या रविवारी ओव्हनच्या खोक्याचा अभ्यास झाला. खोका आणि आतला थर्माकोल माळ्यावर जपून ठेवावा असं ठरलं, कारण वॉरंटीचं काम पडलं तर. दुसऱ्या रविवारी बाहेरचा पत्रा. तो दुहेरी असून मधे कापसासारखं काहीतरी भरलेलं असतं, म्हणून आतली धग आत राहते, जशी थर्मासमध्ये चहाची राहते. तिसऱ्या रविवारी दार. दाराला दोन काचा आणि कडेने रबर. दाराच्या काचेवरचं प्लास्टिक काढायचं की नाही यावर चर्चा होऊन ‘तूर्त नको’ असा निर्णय झाला, आणि श्यामलाने दुपारच्या फावल्या वेळात ओव्हनला भरतकामाचं आच्छादन शिवलं. त्यावर दोन मोर होते. आच्छादनाला धूळ लागू नये म्हणून पुढे त्यावर एक जुना टॉवेल आला.

चौथ्या रविवारी पुस्तिका हरवू नये म्हणून ती ओव्हनमध्येच ठेवण्याचं ठरलं. ओव्हनच्या पोटात गेलेली ही पहिली वस्तू. एकदा पायवाट पडली की गुरंही तिथूनच जातात. गणपतीपर्यंत चिटणिसांच्या वहीत पुढील नोंद आढळते:

“ओव्हनमध्ये सध्या: पुस्तिका (सहा भाषांत; मराठी नाही). वॉरंटी कार्ड. मोठी कढई. तिच्यात लहान कढई. तिच्यात झारा. चकलीचा सोऱ्या. पापडांचा डबा (दमट हवेत कुरकुरीत राहावेत म्हणून, राहिले नाहीत). विजेची बिलं. एक बशी. एकूण वापर: शंभर टक्के. पैकी उष्णतेसह: शून्य.”

अन्याय नको म्हणून सांगितलं पाहिजे की ओव्हनचा एक भाग रोज वापरात होता. तो म्हणजे टायमर. हा ओव्हनचा टायमर किल्लीच्या खेळण्यासारखा, नुसता पिळून चालणारा. त्याला वीज लागत नाही, हा शोध सईने लावला. बापू जेवून आडवे होत तेव्हा सई मोर बाजूला करून टायमर चाळीसवर फिरवी. चाळीस मिनिटं टिकटिक होई, मग ‘टिंग’, की बापू उठून चहा मागत. ओव्हनमध्ये शिजून तयार होणारी घरातली एकमेव गोष्ट म्हणजे बापूंची झोप.

सगळ्यांत कठीण गेला तो पंखा. आतल्या मागच्या भिंतीत, जाळीमागे, एक छोटा पंखा आहे हे कळल्यावर बापू अस्वस्थ झाले. “आग तिथे वारा? हे कोणत्या शास्त्रात बसतं?” पंखा तीन रविवार पुरला. शेवटी तज्ज्ञांचं मत घ्यावं म्हणून प्रफुल्ल कांबळे यांना निमंत्रण गेलं. ते आयटीआयमध्ये वीजतंत्रीचे निदेशक, राहायला रस्त्यापलीकडच्या चाळीत, आणि त्यांची मुलगी भक्ती ही सईची बालवाडीपासूनची मैत्रीण. तीही आली. (निमंत्रित, मताधिकार नाही.)

प्रफुल्ल यांनी मोर उचलले, दार उघडलं, कढई बघितली आणि मोठ्या सभ्यपणाने दार पुन्हा लावलं.

“वहिनी, धोंडस कसं करता तुम्ही?” त्यांनी श्यामलाला विचारलं.

धोंडस म्हणजे तवशाचा गोड केक. तवसं ही जून झालेली मोठी काकडी. ती किसून त्यात भाजलेला रवा, गूळ, ओलं खोबरं, वेलची घालायची आणि भाजायचं.

“सासूबाई करायच्या चुलीवर,” श्यामला म्हणाली. “पातेल्याखाली निखारे, झाकणावर निखारे. आता गॅसवर करते. खालून करपतं, वरून पांढरं.”

“बघा बापू, खालचे निखारे म्हणजे ही खालची सळई. झाकणावरचे निखारे म्हणजे ही वरची. वीज गेली की लाल होतात.”

“वीज गेली की?” बापूंनी चष्मा वर केला.

“त्यांच्यातून गेली की! आणि गरम हवा असते आपल्यासारखी सरकारी. एकदा एका जागी बसली की उठत नाही. मग तिथेच करपतं आणि कोपऱ्यात कच्चं राहतं. हा पंखा तिला उठवून सगळीकडे फिरवतो. खाली, वर, कोपऱ्यात. म्हणून धोंडस सगळ्या बाजूंनी सारखं होतं.”

“म्हणजे बदलीच करतो तो तिची,” बापू म्हणाले. त्यांना पटलं. पुढचा भाग थर्मोस्टॅट. प्रफुल्ल यांनी तो समजावला: हे बटण एकशे ऐंशीवर ठेवलं की तेवढी धग झाल्यावर सळया आपोआप बंद होतात, धग कमी झाली की पुन्हा लागतात.

“आपोआप? कोणाच्या आदेशाने?”

“कोणाच्याच नाही.”

बापूंनी ते बटण वाकून पाहिलं. काम झालं की थांबायचं आणि कमी पडलं की कोणी न सांगता पुन्हा लागायचं, असा नोकर त्यांनी चौतीस वर्षांत पाहिला नव्हता. ते म्हणाले, “अतिशय उपयुक्त माहिती. नोंद घ्या, चिटणीस.” सईने नोंद घेतली. प्रफुल्ल चहा घेऊन गेले. ओव्हनवर मोर परत बसले.

त्या दिवशी वाडीच्या कठड्यावर बसून भक्ती म्हणाली, “तुमचा ओव्हन चालतो तरी का गं?”

“चालतो की! रोज घंटा वाजते.”

“घंटा शाळेतपण वाजते. तिथे काय भाजतात?”

भक्ती पाय हलवत राहिली, मग म्हणाली, “पप्पांची बदली झालीय. माणगावला. दिवाळी झाली की शनिवारी टेम्पो येणार.”

माणगाव काही विलायत नाही. पण दहा वर्षांच्या माणसाला एकट्याने एसटी बदलून जायला मनाई असेल, तर माणगाव आणि सुश्रुतचं जहाज यांत फार फरक उरत नाही. भक्तीला धोंडस फार आवडे. दर वर्षी श्यामला एक तुकडा द्यायची, आणि भक्ती त्याची करपलेली बाजू काही न म्हणता, सुरीने खरवडून न काढता, खाऊन टाकायची. सईला ते आठवलं.

“शनिवारच्या आधी तुला अख्खं धोंडस देते,” सई म्हणाली. “ओव्हनमधलं. माझ्या हातचं. न करपलेलं.”

“शपथ?”

“शपथ.”

घरी येऊन तिने विचारलं, “बापू, सगळे भाग झाले ना आता?”

“झाले,” बापू समाधानाने म्हणाले. “पत्रा, दार, सळया, पंखा, थर्मोस्टॅट, टायमर, दिवा, जाळी, ट्रे, खालचा कण पडायचा ट्रे. सगळे झाले.”

“मग लावायचा?”

“मग उजळणी,” बापू म्हणाले. “दर रविवारी एक भाग. जानेवारीत संपेल. मग परीक्षा घेऊ, मग समिती निर्णय घेईल.”

“पण भक्ती शनिवारी चालली, बापू!”

“बाळ, घाईत केलेला स्वयंपाक आणि घाईत केलेली सही, दोन्ही नंतर बाधतात.” त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. हात मायेचा होता; पण तो निर्णय होता.

श्यामलाने पोळ्या लाटता लाटता एवढंच म्हटलं, “माझं कोण ऐकतंय? माझी तर संमती गृहीत आहे.”

सई रडली नाही. मागच्या पडवीत सुपाऱ्यांच्या ढिगाशेजारी बसून तिने वही उघडली. पहिल्या पानावरचा चौकोन वाचला. दिवाळी आली. फराळासाठी कढया बाहेर निघाल्या, झारा निघाला, सोऱ्या निघाला, आणि ओव्हनच्या पोटात वर्षात प्रथमच जागा झाली. पाडव्याच्या सकाळी बापूंना ओवाळून झाल्यावर सईने ताटाखालून एक कागद पुढे केला. वर लाल शाईत ‘तातडीचे’ असं लिहिलं होतं.

“प्रति, मा. अध्यक्ष, ओव्हन वापर पूर्वतयारी समिती, यांचे सेवेशी. विषय: ओव्हन गरम होत नसल्याबाबत तक्रार. संदर्भ: वॉरंटी कार्ड (ओव्हनमध्ये आहे). महोदय, सदर ओव्हन घरी आल्यापासून एकावन्न आठवड्यांत एकदाही गरम झालेला नाही. पंखा फिरताना कोणी पाहिलेला नाही. सळया लाल झाल्याची नोंद वहीत नाही. वॉरंटी एक वर्षाची असून ती संपायला सहा दिवस आहेत. तरी ओव्हन बिघडलेला आहे किंवा कसे, याची तपासणी तज्ज्ञांकडून करावी. तज्ज्ञ शनिवारी गाव सोडत आहेत. आपली विश्वासू, सई सुश्रुत पाटणकर, चिटणीस.”

बापूंनी अर्ज एकदा वाचला. मग चष्मा पुसून पुन्हा वाचला. अर्जात खोटं एकही वाक्य नव्हतं, आणि हीच त्यातली मोठी अडचण होती. वापर ही समितीच्या अखत्यारीतली बाब. पण तक्रार ही तक्रार असते. तिच्यावर उजळणी लागू होत नाही. त्यात वॉरंटी! सहा दिवसांनी ओव्हन बिघडलेला निघाला, तर जपलेला खोका, जपलेला थर्माकोल, जपलेलं कार्ड, सगळं पाण्यात.

“श्यामला! हा बिघडलेला असला तर?”

“मला काय ठाऊक? चालू करून बघितल्याशिवाय कसं कळणार?” श्यामला म्हणाली, आणि पदराआड हसली.

शुक्रवारी तपासणी ठरली. तपासणीसाठी नमुना पदार्थ लागतो, हे प्रफुल्ल यांनी तोंड गंभीर ठेवून सांगितलं, आणि तो कोणता असावा यावर प्रथमच मतभेद झाले नाहीत. सईने तवसं किसलं, बोटही थोडं किसलं, रवा भाजला, गूळ घातला. प्रफुल्ल यांनी मोर काढले, काचेवरचं प्लास्टिक काढलं. तेव्हा बापूंनी मान फिरवली.

आणि मग तो क्षण आला. पिन हातात घेऊन प्रफुल्ल ओट्याकडे वळले आणि थांबले. जाड पिन. ओट्यावरच्या सॉकेटची भोकं बारीक. मिक्सरची. एकावन्न आठवड्यांत समितीने ज्याचा अभ्यास केला नव्हता असा ओव्हनचा एकच भाग निघाला: पिन.

“म्हणजे हा वर्षभर...” भक्तीने तोंडावर हात दाबला.

“पुस्तिकेत पिनेचं वेगळं प्रकरण नाही,” बापू म्हणाले.

घरात जाड पिनेची जागा एकच होती: मागच्या पडवीत, विहिरीच्या पंपाची. तेव्हा ओव्हन दोघांनी उचलून पडवीत नेला, सुपाऱ्या बाजूला करून एका पाटावर बसवला, आणि बापूंनी त्याच्यासमोर नारळ फोडला. प्रफुल्ल यांनी बटण फिरवलं. दिवा लागला. मागे कुठेतरी बारीक घुर्रर सुरू झालं. सळया आधी काळ्या, मग जांभळ्या, मग लाल झाल्या. आणि थोडा धूर आला.

“धूर! बंद करा! तक्रार खरी आहे!” बापू उभे राहिले.

“बसा बापू. पहिल्यांदा येतोच. नव्या सळयांवरचं तेल जळतं. म्हणून रिकामा तापवायचा आधी. पुस्तिकेत पहिल्याच पानावर आहे.”

बापू बसले. पुस्तिका त्यांनी शेवटच्या पानापासून समजून घ्यायला घेतली होती, कारण वॉरंटी शेवटच्या पानावर होती.

धूर गेल्यावर सईने डबा जाळीवर ठेवला, दार लावलं आणि टायमर फिरवला. रोज बापूंच्या झोपेला चाळीस, आज पंचेचाळीस. पाचही माणसं पडवीत ओळीने बसून काचेतून बघत राहिली. विसाव्या मिनिटाला सळया विझल्या.

“गेला,” बापू म्हणाले.

“थांबलाय,” सई म्हणाली. “धग पुरेशी झाली. कमी झाली की लागेल.” आणि लागला. बापूंनी नातीकडे पाहिलं. सगळे भाग तिला समजले होते, हे त्यांना तेव्हा कळलं. आणि परीक्षा कधी झाली, हे मात्र कळलं नाही.

टिंग.

धोंडस वरून तांबूस होतं. सईने ते ताटात उलटं केलं. सगळ्यांनी वाकून बूड पाहिलं. बूडही तांबूस. प्रफुल्ल यांनी बोटाने वाजवलं. भक्तीने नाक दोनदा ओढलं.

“अख्खं नेऊ?” तिने हळूच विचारलं.

“अख्खं,” सई म्हणाली. तिने ते घरातल्या सगळ्यांत चांगल्या स्टीलच्या डब्यात भरलं, ज्याच्यावर सुश्रुत-श्यामलाच्या लग्नाची तारीख कोरलेली होती. श्यामलाने पाहिलं, आणि झाकण घट्ट लावून दिलं. डबा रिकामा परत पाठवायचा नसतो, आणि चांगला डबा परत आल्याशिवाय राहत नाही, हे तिलाही ठाऊक होतं. बापूंना चमच्याने खरवडलेला चुरा मिळाला. त्यांनी तो दोनदा मागून घेतला.

शनिवारी टेम्पो गेला. दुपारी बापूंनी तपासणी अहवाल लिहिला: “ओव्हन निर्दोष. तक्रार निकाली. तपासणीचा हेतू साध्य झाल्याने ओव्हन मूळ जागी ठेवावा. वापराबाबत निर्णय उजळणीनंतर.” प्रफुल्ल निघण्याआधी ओट्यावर जाड पिनेची जागा बसवून गेले होते, तिच्यावर धूळ बसू नये म्हणून चिकटपट्टी लावण्यात आली. कढई ओव्हनमध्ये गेली. तिच्यात लहान कढई. तिच्यात झारा. मोर बसले.

तुम्ही हसलात. हसा. बापूंसारखी माणसं जगात थोडी, असं तुम्हाला वाटतं आहे.

सईला तसं वाटलं नाही. रविवारी सकाळी तिने आधी तक्रार क्रमांक दोन लिहिली (“ओव्हन दुसऱ्यांदा गरम होतो किंवा कसे, याबाबत खात्री नाही”), ती बापूंच्या चहाच्या बशीखाली ठेवली, आणि वहीचं नवं पान उघडून रकाने आखले. मग ती वाडी-वाडी हिंडली. तेवीस घरं. अकरा ओव्हन. आत: कढया एकोणीस, तवे सहा, बिस्किटांचे रिकामे डबे चार, एका ठिकाणी गणपतीच्या मखराचे दिवे, एका ठिकाणी दुसऱ्या ओव्हनची पुस्तिका. गरम: एकही नाही. प्रत्येक घरी मोठ्या माणसांनी तिला लाडू दिला आणि सांगितलं की आमचा रोजच्या वापरात आहे.

तेविसाव्या घरानंतर गाव संपलं, पण पानावर एक ओळ शिल्लक होती. सईने पेन्सिलीला टोक केलं, वही काखेत धरली आणि पुढे निघाली.

आता ती तुमच्या दाराशी उभी आहे. मोठ्या माणसांना उठवू नका. स्वयंपाकघरात जा, ते आच्छादन उचला, आणि आत काय काय आहे ते तिला खरं खरं सांगा. अक्षर तिचं चांगलं आहे. पण ओळ एकच आहे.